खंडेनवमीची झाडलोट

"ताई, काटा आकडा दाखवतो, पण कम्प्युटर ऐकत नाय," हौसाबाई म्हणाल्या.

मोखाड्यातली त्यांच्या बचतगटाची शेड. आत झेंडूचे क्रेट छतापर्यंत. काट्यावरचं वजन कम्प्युटरला जातं, मग लेबल छापून येतं. लेबलाशिवाय व्यापारी क्रेट उचलत नाही. टेम्पो दोनला निघणार होता, आता बारा वाजले होते. उद्या दसरा, आणि परवा झेंडूला कुत्रंही विचारत नाही.

मी ठाण्यात लिनक्स सर्व्हर सांभाळते. सणाला जव्हारला भावाकडे आले होते. हा जुना कम्प्युटर मीच बसवून दिलेला, त्यामुळे जीपने धावत आले.

"बंद करून चालू केलात?"

"दोन वेळा केला. फुला थांबायची नाय, ताई."

कोपऱ्यात भास्कर गुरुजी बसले होते. निवृत्त शिक्षक, गटाचा कम्प्युटर तेच चालवतात. त्यांनी सकाळपासून चहाही घेतला नव्हता.

"गुरुजी, काल काही केलंत?"

"पूजेसाठी पुसला. मग म्हटलं, आतूनही झाडावा. काही फायली कोऱ्या होत्या, साईज शून्य. काढून टाकल्या."

मी कपाळाला हात लावला. पण रूटचा, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड भिंतीवर मीच लिहून ठेवला होता. म्हणजे अर्धं पाप माझं.

लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राच्या नावाची एक फाईल असते, /dev या फोल्डरमध्ये. तिला डिव्हाइस फाईल म्हणतात. तिच्यात मजकूर नसतोच. ती नुसता दरवाजा. नवे कम्प्युटर चालू होताना हे दरवाजे आपोआप बसवतात. या म्हाताऱ्या कम्प्युटरला ते हाताने बसवून द्यावे लागतात.

काट्याचा दरवाजा ttyS0, तोच उडाला होता. त्याचे आकडे मला आठवेनात, आणि शेडमध्ये रेंज नाही. शेजारचा ttyS1 मात्र गुरुजींच्या झाडूतून वाचला होता. त्याचे आकडे 4 आणि 65. पहिला ड्रायव्हरचा, दुसरा पोर्टचा. म्हणजे आपला एक कमी, 64. मी आज्ञा टाइप केली:

mknod /dev/ttyS0 c 4 64

त्यातला c म्हणजे अक्षरामागून अक्षर पाठवणारं यंत्र. फाईल झाली. हौसाबाईंनी क्रेट ठेवला. लेबल नाही.

"आता काय झाला?"

दरवाजा बसवला होता, पण कडी आतून होती. परवानगी द्यायची राहिली. chmod मारला आणि म्हटलं, "गुरुजी, आता लेबलाचं बटण तुम्ही दाबा."

"मी नको."

"दाबा हो."

प्रिंटर कुरकुरला आणि लेबल बाहेर आलं. बायकांनी एकच गलका केला. गुरुजी चष्मा पुसत बसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

टेम्पो दोन वाजून दहा मिनिटांनी सुटला. हौसाबाईंनी मूठभर झेंडू ठेवून घेतला होता, तो कम्प्युटरवर वाहिला. गुरुजींनी दोन कप चहा सलग प्यायला. मी भिंतीवरचा पासवर्ड खरवडून काढला.

खंडेनवमीला हत्यार पुसावं, हळदकुंकू लावावं, नमस्कार करावा. उघडून आत झाडू नये.