हात मागं

शेळकेबाई मुलांना काम सांगत आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट बांधून उभ्या राहत. तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या परसात त्या स्वमग्न मुलांसाठी बागकामाचा वर्ग चालवत. मूळच्या परंदवडीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. गावची बोली त्यांनी कधी लपवली नाही. पहिल्याच दिवशी माझ्या तरुण लेकीच्या, मुक्ताच्या हातातलं खुरपं सरळ करायला मी वाकलो, तशा त्या ओरडल्या, "ओ बाबा, हात मागं! तिचे न्हाई, तुमचे."

मुक्ताला ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नसे, किंचाळायची. बाईंनी आधी कोरडी वाळू दिली, मग चमचा, मग माती. "बोट घालायचं का न्हाई, ते तिच्या बोटाला ठरवू द्या." पावसाळा सरता सरता मुक्ता कुंड्यांत झेंडूची रोपं लावू लागली. प्रत्येक कुंडीत काठाशी अंगठा दाबून खळगा करायची. रोपं मात्र सगळी तिरकी.

"सरळ नको का?" मी विचारलं.

"फूल काय पट्टी लावून मोजणार हाय का तुमी?"

खंडाळ्याच्या एका हॉटेलचे मालक वर्ग बघायला येणार होते. काम पसंत पडलं, तर त्यांच्या बागेत मुक्ताला नोकरी. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. तिची रोपं उपटून खताच्या खड्ड्यात टाकली आणि रोपवाटिकेतली टवटवीत रोपं त्या कुंड्यांत लावली. माती सपाट केली. मला वाटलं, मी तिला मदतच करतोय.

"हे या मुलीनं केलं?" मालक खूश होते. मी हो म्हणालो.

मुक्तानं अंगठ्यानं कुंडीचा काठ चाचपला. खळगा नव्हता. दुसरी कुंडी, तिसरी. मग ती एकेक रोप उपटून फेकू लागली, कुंडीवर डोकं आपटू लागली. "बघू नंतर," म्हणत मालक गाडीकडे वळले.

बाईंना खड्ड्यातली रोपं दिसली. "नोकरी मिळाली असती का, ते म्हाईत न्हाई. पण 'हे माझं हाय', एवढं तिला कळलं होतं. ते बी तुमी ठेवलं न्हाई."

मुक्तानं पुन्हा मातीत हात घातला नाही. बाई वाटीत कोरडी वाळू घेऊन घरी येत राहिल्या. ती वाटी ढकलून द्यायची. गेल्या वर्षी बाई गेल्या. परंदवडीला त्यांच्या अंत्यविधीला मी एकटाच गेलो.

आता गॅलरीत मी झेंडू लावतो. मुक्ता येते, हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहते आणि माझ्या हातांकडे बघते. बाईंकडून ते मी शिकायला हवं होतं.