निळ्या पिशवीवरचा पत्ता

साल सत्त्याऐंशी असावं. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि खानापूरजवळच्या आमच्या गावात आम्ही सातवीची पोरं घरोघर प्लास्टिकच्या पिशव्या मागत निघालो.

कारण होतं शेजारच्या आप्पांची गाय. गाभण गाय मेली आणि डॉक्टरांनी तिच्या पोटातून पिशव्यांचा एवढा मोठा बोळा काढला... तो आम्ही सगळ्यांनी बघितला होता. सर म्हणाले, गावातल्या पिशव्या गोळा करा, शाळेमागे खड्ड्यात पुरून टाकू. वर मुलगे विरुद्ध मुली अशी शर्यतही लावून दिली.

पण उकिरड्यावर जायची ती फाटकी पिशवी, धड पिशवीचं तेव्हा अप्रूप होतं. बायका धुऊन, वाळवून, घडी घालून गादीखाली ठेवायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, "तुला दिली तर पावसात डोस्क्यावर काय घिऊ, तुझं पुस्तक?"

मुली मागे पडायला लागल्या. मला हार सोसत नाही, आजही नाही. आई रानात गेली होती... मी घरी पळाले, तिच्या गादीखालची निळी पिशवी काढली आणि खड्ड्यात नेऊन टाकली. आम्ही जिंकलो.

ती पिशवी अण्णाची होती. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. एस.एस.एल.सी.ला, म्हणजे दहावीला, नापास झाला, वडील नको ते बोलले आणि तो रेल्वेत बसून वास्कोला निघून गेला. त्यानंतर एकदाच गणपतीला आला, आईसाठी त्या पिशवीतून लुगडं घेऊन. मग वर्षभर ना पत्र, ना निरोप.

संध्याकाळी आईने सगळं अंथरूण उलटंपालटं केलं. मी खरं ते सांगून टाकलं. ती रागावली नाही, चुलीपाशी जाऊन बसली.

"त्येच्यावर अण्णाचा पत्ता हुता गं," एवढंच म्हणाली.

आईला वाचता येत नव्हतं. पिशवीवर छापलेला पत्ता वास्कोतल्या एका दुकानाचा होता, पण तिच्या लेखी तिचा लेक तिथेच राहत होता. आणि मला वाचता येत असून मी तो कधी वाचला नव्हता...

सोमवारी वर्गात रडत रडत सांगितलं. सरांनी कुदळ मागवली. परवा एकेका पिशवीसाठी भांडलेली पोरं खड्ड्यात उतरली, हरलेले मुलगे सगळ्यात पुढे. दुपारपर्यंत चिखलातली एकेक पिशवी झटकून बघत होती. निळी पिशवी सापडली, तशी सरांनी ती स्वतः धुतली आणि तिथेच बसून दुकानाला कार्ड लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. या नावाचा मुलगा आमच्याकडे कामाला नाही, गिऱ्हाईक म्हणून येऊन गेला असेल. सरांनी घरी येऊन ते वाचून दाखवलं, मान खाली घालूनच.

"गिऱ्हाईक म्हणून आलता न्हवं?" आई म्हणाली. "मग परत यील की. तवा त्येला घरला यायला सांगा म्हणून लिवा."

सरांनी तेही लिहिलं.

अण्णा आला नाही. आईलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्यासाठी खड्डा उकरणाऱ्या त्या पोरांचे आभार मात्र मी कधी मानलेच नाहीत... आज मानते.

गेल्या महिन्यात वास्कोला गेले होते. ते दुकान आता नाही. तरी त्या रस्त्यावर तासभर उभी राहिले... साठीकडे झुकलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत.