मॅचिंगमामांच्या पुड्या

दुकानाच्या पाटीवर एकच शब्द होता: मॅचिंग. आधी त्याच्यापुढे 'सेंटर' होतं, पण एका वादळात पाटीचा तेवढा तुकडा उडाला आणि मामांनी तो परत बसवला नाही. "सेंटर कोणीही काढतं, मॅचिंग आपल्याकडेच," असं ते म्हणायचे. दुकान म्हणजे दहा फूट रुंद आणि वीस फूट खोल अशी एक खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत दोऱ्याची रिळं, खाली अस्तराचे गठ्ठे, बटणांचे डबे, चेनची बंडलं. नुसत्या निळ्याची रिळं एकशे चाळीस. त्यातलं नेमकं एक काढायचं आणि त्याचा दोरा कापडावर टेकवला की दिसेनासा झाला पाहिजे, हा मामांचा धंदा. भागातले झाडून सगळे शिंपी त्यांना मामा म्हणत. ते नक्की कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

धंद्याची रीत ठरलेली होती. शिंपी सकाळी कापडाची कात्रणं ठेवून जात आणि संध्याकाळी पुड्या घेऊन जात. मामा ती कात्रणं दुपारी बाराला हातात घेत. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, दिव्याखाली सगळेच रंग खोटं बोलतात म्हणे. ते रीळ घेऊन बाहेर सावलीत उभे राहत, वीतभर दोरा सोडून कात्रणावर धरत, मान तिरकी करत आणि पटलं की दोऱ्याच्या टोकाला एक गाठ मारून ओरडत, "झालं मॅच!" गाठ पडली म्हणजे विषय संपला. मग रीळ आणि कात्रण जाई मामींकडे. मामी म्हणजे त्यांची बायको. त्यांचं काम पुडी बांधण्याचं. कधी चुकून त्या म्हणाल्याच, "अहो, हा जरा गडद नाही का?" तर मामा म्हणत, "तू सुतळी सांभाळ, रंगाचं मी बघतो." मामी मुकाट्याने सुतळी सांभाळत.

या माणसाला एक खूळ होतं आणि ते मला फार आवडतं. शाळा सातवीत सुटली, इंग्रजीचा नि त्यांचा संबंध पाटीपुरता. पण त्या एका शब्दाच्या मागे ते हात धुऊन लागले होते. रिकाम्या मैदानात पोरं खेळतात तीही मॅच. बिडी पेटवायची काडी, तीही मॅच. मुलीला स्थळ आलं की मध्यस्थ म्हणतो, मॅच चांगली आहे. मग यातला खरा कोण आणि तोतया कोण? शेवटी त्यांनी शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाईंना गाठलं. बाई चादरींवर भरतकाम करत, म्हणून दुकानात नेहमीच्या. मामा त्यांना म्हणाले, "बाई, या शब्दानं मला तीस वर्षं जेवू घातलं. त्याचे आईबाप कोण, ते तरी कळायला नको?" आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या उसन्या शब्दावर पोट भरतो, पण असं विचारायला जाणारा मी हा एकच पाहिला.

बाईंचं उत्तर यायच्या आतच मामी परगावी गेल्या. मुलगी तिथे दिवस भरत आलेली, डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. एका दुपारी फोन आला आणि मामी अर्धवट काम टाकून नेसत्या कपड्यांनिशी निघाल्या. "आठ दिवस जमेल ना एकट्याला?" त्यांनी दारातून विचारलं. मामा म्हणाले, "पुड्या बांधायला काय अक्कल लागते?"

तिसऱ्या दिवशी पहिली पुडी परत आली. कोटवाले टेलर, म्हणजे मामांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक, अवघडून उभे राहिले. "मामा, कोट काळा आहे आणि दोरा निळा आलाय."

"तुमच्या दुकानातला दिवा बदला," मामा म्हणाले.

चौथ्या दिवशी गणवेश शिवणाऱ्या बाई आल्या. त्यांचं कापड निळं आणि अस्तर हिरव्याकडे झुकलेलं. पाचव्या दिवशी तर तीन पुड्या. मामांनी आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग रंगाऱ्यांना, मग हवेला. पण तीस वर्षांचं नाव एका आठवड्यात धुऊन जाणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना. त्यांच्याकडे दुसरं होतं काय? जमीन नाही, शिक्षण नाही. मामा म्हणाले म्हणजे झालं, एवढा एक शिंप्यांचा शब्द होता.

सहाव्या दिवशी भर दुपारी इंग्रजीच्या बाई आल्या, हातात कागद फडफडवत. "मामा, तुमचा शब्द एक नाहीच. दोन आहेत! दिसायला सारखे, घराणी वेगळी."

मामा सगळं विसरले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"आधी काडीवाला," बाई म्हणाल्या. "मॅच म्हणजे मुळात दिव्याची वात. मग तोफेला बत्ती देतात ती वात आणि मग आपली काडी. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. त्याच्याही मागे एक ग्रीक शब्द असावा, असा पंडितांचा अंदाज आहे. आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ, माफ करा हं मामा, शेंबूड."

"काय?"

"दिव्याच्या चोचीतून वात कशी लोंबते? तशी."

मामा इतके हसले की बटणांच्या डब्याला कोपर लागलं आणि पाच रंगांची बटणं जमिनीवर सांडली. "आणि माझा? माझ्या पाटीवरचा तरी बऱ्या घरचा निघाला ना?"

"तुमचा अस्सल जुना इंग्रजी. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता जोडीदार. नवरा किंवा बायको किंवा बरोबरीचा सोबती. 'घडवणं' यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे ना, त्याच्याच कुळातला असावा म्हणतात. एकाला साजेल असा घडवलेला दुसरा. पुढे बरोबरीचा म्हणून समोर उभा ठाकणाराही मॅच. आपण कुस्तीची जोड म्हणतो ना, तसं. तोडीस तोड. त्यातून सामना आला. कापड नि रंग वगैरे कितीतरी नंतर."

"म्हणजे रंगाच्या आधी बायको," मामा म्हणाले.

"कितीतरी आधी."

मामांना ते फार आवडलं. मामी आल्या की सांगायचं म्हणून त्यांनी कागद खिशात ठेवला. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून चादरीचं कात्रण आणि परवाच नेलेलं एक रीळ काढलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "आता दुसरं काम. हे बदलून द्या. माझी चादर निळी आहे, हा दोरा हिरवा आहे."

मामा रीळ आणि कात्रण घेऊन बाहेर सावलीत गेले. मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "बाई, एकच तर आहे."

बाईंनी वाद घातला नाही. "मामा, शाळेतल्या माझ्या शेवटच्या वर्षी सगळे पेपर मला पिवळे दिसायचे. मला वाटायचं, शाळा स्वस्तातला कागद घेतेय. मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं आणि कागद पुन्हा पांढरे झाले."

"माझ्या डोळ्याला कोणी हात लावायचा नाही," मामा एकदम चिडले. "हा डोळा म्हणजे माझं दुकान आहे. आणि डोळा बिघडला म्हणता, तर गेल्या आठवड्यापर्यंत एकही पुडी परत का आली नाही?"

"तेच मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या आणि रीळ टेबलावर ठेवून गेल्या.

मामांनी ते रीळ कागदात गुंडाळून बाजूला टाकायचं ठरवलं. कागद मामींच्या टेबलाच्या खणात असत. त्यांनी खण ओढला. आत कागदांमागे सहा रिळं होती आणि सहाही रिळांच्या टोकाला गाठ होती. त्यांची स्वतःची, दोन वेढ्यांची. मामी गेल्या त्या दिवशी बरोबर सहा पुड्या गेल्या होत्या. त्यांनी निवडलेली रिळं इथे खणात, मग पुड्यांमधून काय गेलं? आणि त्या पुड्या नेणारा एकही जण परत आला नव्हता.

आधी त्यांना राग आला. घरच्याच माणसाने आपल्या पाठीमागे, आपल्याच दुकानात! मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. रोज दुपारी आपण बाहेरून ओरडत आत यायचं, झालं मॅच. मग ही बाई आपली पाठ वळेपर्यंत थांबणार, खणात आपलं रीळ सारणार, रॅकमधून खरं रीळ शोधणार आणि संध्याकाळी आपलं परत जागेवर ठेवणार. आणि आपण तिला म्हणणार, तू सुतळी सांभाळ. मामांना इतकी लाज वाटली की त्यांनी एकट्यानेच, रिकाम्या दुकानात, तोंड भिंतीकडे केलं.

नवव्या दिवशी मामी आल्या. नात झाली होती, बाळंतीण सुखरूप होती. बोलत बोलतच त्यांनी पिशवी ठेवली आणि टेबलावर ओळीने मांडलेली सहा रिळं पाहिली.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामी म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी शटर ओढलं असतंत. आणि अहो, 'झालं मॅच' म्हणताना तुमचं तोंड असं काही फुलतं की ते मला मोडवेना."

"आणि तुला हे रंग कोणी शिकवले?"

"तीस वर्षं समोर बसून दुसरं काय करत होते मी?"

तेवढ्यात कोटवाले टेलर दारात आले. आठवड्यात पोळलेला माणूस. कात्रण पुढे करतानाही चाचरत होता. "मामा, घाई नाही हं. एका लग्नाचा कोट आहे, नवरदेव फार चिकित्सक आहे, एवढंच."

मामांनी सवयीने हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला. "हिच्याकडे द्या. गेलं वर्षभर तुमचे कोट हिच्याच नजरेवर शिवले गेलेत."

टेलर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. "काहीतरीच तुमचं," मामी म्हणाल्या, पण कात्रण घेऊन रॅककडे गेल्या. बराच वेळ बोटं फिरवून त्या दोन रिळं घेऊन आल्या आणि दोन्ही मामांपुढे धरली. "यातलं कुठलं?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं, हे मामांना कळत होतं. गिऱ्हाईकासमोर नवऱ्याचा मान राखायचा, म्हणून विचारलं होतं. मामा रिळं घेऊन बाहेर सावलीत गेले. दोन्ही रिळं एकाच मळकट रंगाची दिसत होती, कापडही तसंच. डावं किंवा उजवं म्हटलं असतं तरी चाललं असतं. डावं चुकलं असतं, तर मामींनी ते बदललं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता.

ते आत आले आणि टेलरला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दिसत नाही गं. उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

मामींनी त्यांच्या हातातून दोन्ही रिळं घेतली, त्यातलं एक कोटवाल्यांना दिलं आणि मोकळ्या झालेल्या हाताने मामांचा हात धरला, भर दुकानात, गिऱ्हाईकासमोर.