सतरा नंबरची रजा

ऑफिस मॅनेजर म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, सगळ्यांची सासू. हजेरी, रजा, चाव्या, जनरेटरचं डिझेल, संडासातला बल्ब, सगळ्याचं खापर माझ्याच डोक्यावर. पावसच्या रस्त्याला आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. हंगाम सुरू होताना जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, त्यासाठी कामगारांची यादी काढून देणं हेही माझंच काम.

यंदा घाई झाली. हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनमधली यादी छापली आणि दिली म्हाताऱ्या फोरमनच्या हातात. तो एकेक नाव घेऊन म्हणायचा, "ह्याला हितंच कामावर राख रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" सतरावं नाव आलं. बॉयलरवाल्याचं. तो तर गेल्या मे महिन्यातच वारला होता! गेलेल्या माणसाचं नाव मशीनमधून काढायचं काम माझं, आणि ते मी विसरले होते. जीभ चावली, पण तोवर सगळ्यांच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ पन्नासला दारात चिटपाखरू नसताना मशीन बोललं, "थँक्यू." ती बॉयलरवाल्याची यायची वेळ. रिपोर्टात सतरा नंबर हजर. मेकॅनिक म्हणाला, हवा दमट आहे, काच ओली होते. म्हटलं, मेल्या, दमट हवेला घड्याळ कळतं होय रे? त्याने नंबर पुसून टाकला. तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा थँक्यू.

बॉयलरवाल्याची बायको आमच्याकडेच आंबे कापायला आहे. ती रोज लवकर येऊन मशीनसमोर उभी राहायला लागली. पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, त्येंना सुटी द्या वो. दमले असतील."

मी खण उघडला. त्याचा अर्ज तिथेच होता. 'छातीत दुखते, दोन दिवस सुटी मिळावी.' त्यावर माझं अक्षर, 'हंगाम संपल्यावर बघू.' तिसऱ्या दिवशी तो बॉयलरपाशी बसला तो उठलाच नाही. तो कागद मी वर्षभर कोणाला दाखवला नव्हता.

माझी ओळ खोडली. 'मंजूर' लिहिलं, सही केली. कधीपर्यंत, ती जागा कोरी सोडली. मग आम्ही दोघींनी जाऊन तो कागद राखणदारापाशी नारळाखाली ठेवला.

दुसऱ्या सकाळी आठ पन्नास झाले, नऊ वाजले. मशीन गप्प. मला सुटल्यासारखं वाटलं, लाज वाटते सांगायला. तिने पदर खोचला, डोक्याला टोपी घातली.

"गेले," ती म्हणाली. "तेव्हाच दिली असतीत मॅडम, तर परत आले असते."

मग तिने आपला अंगठा लावला आणि आंबे कापायला आत गेली.