सातव्या महिन्यातली अर्धी भाकर

माझ्या अंगावर किती मांस असावं, हे ठरवायचा अधिकार माझ्याशिवाय सगळ्यांना होता. भीमपूरला वडिलांचं किराणा दुकान होतं. मला पाहायला येणारे पाहुणे चहा-पोहे खाऊन 'पोरगी काडी आहे' म्हणत परत जात. मग काकूनं मला केळी-दुधावर धरलं, जरा गाल वर आले आणि तेलुगू मुलखातल्या मंचेरियलच्या एका मास्तराशी माझं लग्न जमलं. मला फुगवून खपवलं, असं मी अजूनही म्हणते. घरात कुणाला ते आवडत नाही.

दिवस गेले तेव्हा सासूनं सुरुवातीला माझे लाड केले. चिंचा काय, कैऱ्या काय, विचारू नका. सातवा महिना लागला आणि ताटातली ज्वारीची भाकर अर्धी झाली. भात मुठीएवढा. मी पुन्हा हात पुढे केला की सासू भाकरीचं टोपलंच उचलून न्यायची.

"पोटभर खाल्लं तं लेकरू फुगते, बाई. अन् फुगलं का अडते."

माझी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं होतं. असल्या गोष्टी वडिलांना कोण सांगणार? शेजारणी, मराठी काय नि तेलुगू काय, सगळ्या सासूच्या बाजूच्या. भूक लागली की मी पाणी प्यायचे, आणि पोटातलं लेकरू लाथा मारायचं. ते मागतंय आणि आपण देत नाही, याहून वाईट काही बाईच्या वाट्याला येत नसेल.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि सासूला हिंदीत झापलं, "इसका वजन बढ़ ही नहीं रहा. बच्चा क्या खाएगा?" सासूनं मान खाली घालून "जी, जी" केलं. रिक्षात बसल्याबरोबर मला म्हणाली, "तिचं काय जाते? अडलं का पोट फाडून मोकळी होते ते."

मुलगी झाली ती पटकन. इवलीशी, अंगावरची कातडी सैल, रडणं मांजरीच्या पिलासारखं. तिला कापसात गुंडाळून ठेवावं लागलं. सासू मात्र गल्लीभर सांगत सुटली, "पाहा, कशी अलगद सुटली!" जणू काही पैजच जिंकली होती.

आणि लगेच कढई चढली. डिंक, खारीक, खोबरं, तूप. आता सासू टोपलं उचलत नव्हती, उलट लाडवांचा डबा माझ्या बाजेखालीच ठेवला. "खाय, दूध उतरलं पायजे." इतक्या महिन्यांची उपाशी मी, खात सुटले. दूध उतरलंही, पण पोरीला ओढायची ताकद नव्हती. वर्षभरात मी अशी सुटले की लग्नातली एक चोळी अंगात जाईना. नवरा मित्रांसमोर मला 'आमचं गोदाम' म्हणू लागला. सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचा मला आजही राग येतो.

हे सगळं मी सून म्हणून माझ्या वाट्याला आलं, याची मला खात्री होती. म्हणून नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी टपूनच बसले होते. पोटच्या पोरीच्या ताटात तुपाची धार पडू दे, मग बघते एकेकाला. तिला सातवा लागला. सासूनं भाकर मोडली, अर्धी तिच्या ताटात ठेवली आणि अर्धी टोपल्यात परत टाकली. पोटच्या पोरीलाही तेच माप.

माझा जळफळाट झाला. दुष्टपणा असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी येतं. मी टोपल्यातली अर्धी भाकर उचलली आणि नणंदेच्या ताटात वाढली.

"काऊन वाढून राह्यली वो?" सासू ओरडली. "माह्या पोरीले मारतं का? माही थोरली बहीण बेज्जूरले तिच्या सासरी अशीच मेली. लेकरू अडलं, नदीले पूर, बैलबंडी पुढं जाईना. पोटात लेकरू घेऊनच गेली ते. मी उशाशी बसून पाह्यलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला.

"आत्याबाई, त्या दवाखाना नव्हता म्हणून गेल्या. भाकरीनं नाई."

यावर बोलली ती नणंद. "राहू द्या वयनी. मले भेव वाटते."

तिनं ती वाढलेली अर्धी भाकर उचलली आणि उंबऱ्यात बसलेल्या माझ्या मुलीच्या हातात दिली. तिच्या वयाची पोरं गल्लीत धावत होती, ही अजून भिंत धरून चालायची. तिनं दोन्ही हातांनी भाकर धरली आणि खाऊ लागली.

सासूचा चेहरा एकदम फुलला. "पाहा, कशी खाते माही बाई! खाय, खाय."

"आता देता, आत्याबाई?" मी म्हटलं. "पोटात होती तवा मागत होती ते."