ताईच्या घरच्या थंड नूडल्स
शेंगदाणे भाजल्याचा खमंग वास आला की मला भोकरदनची मे महिन्यातली एक दुपार आठवते. मी ताईच्या सासरी सुट्टीला गेले होते. उकाडा फार, म्हणून ताईनं मासिकात वाचून नूडल्स शिजवल्या, माठातल्या पाण्यानं गार केल्या आणि खलबत्त्यात दाणे, लसूण, लाल तिखट कुटून त्यात कालवलं. दाजींनी एक घास घेतला आणि "हे थंडगार काय वाढलं?" म्हणत ताट तिच्या तोंडावर फेकलं. तिखट डोळ्यांत गेलं. ती चाचपडत होती, तोच त्यांनी केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी नुसती किंचाळत राहिले. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी बत्ता उचलला आणि पोटच्या पोराच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताईचे डोळे धूत त्या म्हणाल्या, "तुझा सासरा मला असाच मारायचा, मी कधी बोलले न्हाई. आज बोलते. चल ठाण्यात." तिथं त्यांनी सगळं खरं सांगितलं, पोराला घराबाहेर काढलं आणि सुनेला ठेवून घेतलं. आता माझाही मुलगा लग्नाचा झालाय. वेळ आलीच तर माझा हात असा उठेल का, मला सांगता येत नाही.