बहिणीची सही

साकोलीत जमिनीच्या दलालीचं काम शिकायला मी ज्या काकांकडे जातो, ते कुणाच्याही बांधावर पाय ठेवण्याआधी चप्पल काढतात. मी काही शंका विचारली की उलट मलाच विचारतात, "कसणारा एक, मालक दुसरा. मंग ताबा कोनाचा अन् जमीन कोनाची?" माझा गोंधळ आणखी वाढतो.

मागे एका भावानं वडिलांमागे राहिलेलं धानाचं शेत विकायला काढलं. गिऱ्हाईक तयार होतं. बहिणीनं फक्त हक्कसोडपत्रावर सही करायची होती. ती हसतमुखानं आली, तिनं पेनही उचललं. तेवढ्यात काकांनी तिला थांबवलं.

"बाई, भाऊ म्हनते म्हनून सही करून राहिली का? वडलाच्या जमिनीत तुयाबी तेवढाच हिस्सा हाय. सही केली का तो गेला."

तिनं पेन खाली ठेवलं. भाऊ तावातावानं निघून गेला आणि सौदा तुटला. आम्ही नक्की कुणाचे दलाल, हेच मला कळेना.

काही दिवसांनी ती काकांच्या दलालीच्या दुकानात आली. डोळे सुजले होते.

"भाऊ बोलत नाही मायासंगं. तुमाले कायले सांगाचं होतं मले?"

काका हळूच म्हणाले, "चुकलंच असन माहं. मंग आता करते का सही?"

"नाही," ती म्हणाली, आणि बाकावर बसून रडायला लागली.

काका बरोबर वागले की चुकले, हे त्यांनाच विचारावं असं मला वाटलं. पण तेही माझ्यासारखेच गोंधळून तिच्याकडे बघत होते.